हात जाईल तिथं

रामटेके मॅडम कपाळाला टिकली लावत नसत. पण त्यांच्या टेबलाचा खण टिकल्यांच्या पाकिटांनी भरलेला असायचा. लाल, हिरव्या, चॉकलेटी, खड्यांच्या, बिनखड्यांच्या. बर्डीच्या बाजारात गेल्या की घेऊन यायच्या. मी ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी नाव विचारायच्या आधी मला रंग विचारला. मी म्हटलं, हिरवा. त्यांनी हिरवं पाकीट काढून त्यावर माझं नाव घातलं, मला एका खुर्चीत बसवलं, स्वतःच्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि म्हणाल्या, "आता जहाज सुरू कर."

कुठलं जहाज, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीभोवती कूलरच्या नि टीव्हीच्या खोक्यांचे पुठ्ठे वाकवून तारेने बांधलेले होते, एवढं मी डोळे बांधायच्या आधी पाहिलं होतं. मी आपला हात पुढे नेला. बोट पुठ्ठ्याला लागलं तिथं त्यांनी एक टिकली चिकटवली. मग म्हणाल्या, वेग वाढव. मग म्हणाल्या, दिवा लाव. मग, कोणीतरी मागं लागलं, पळ. प्रत्येक वेळी हात जाईल तिथं टिकली. ओढणी सोडली तेव्हा माझ्या सगळ्या हिरव्या टिकल्या पुठ्ठ्याच्या डाव्या अंगाला होत्या.

"डावखुरी आहेस वं तू?"

मी नाही म्हटलं. मी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते. शाळेत डाव्या हातावर पट्टी बसायची, घरी आजी ताट ओढून घ्यायची. पहिली-दुसरीतच मी उजवी झाले होते आणि विसरूनही गेले होते.

मॅडम टिकल्यांकडे पाहत म्हणाल्या, "मग हा हात कोणाचा आहे?"

एवढीच आमची ओळख. पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत.

आमची कंपनी लहान होती आणि आम्ही अवकाशयान उडवायचा एक गेम बनवत होतो, डोक्यावर हेडसेट चढवून खेळायचा. ज्यांनी तो प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हेडसेट घातला की खोली, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं नाहीसं होतं आणि तुम्ही यानाच्या कॉकपिटमध्ये बसलेले असता. समोर काच, काचेपलीकडे काळोख आणि तारे, अलीकडे बटणं, दांडे, मीटर. तुमच्या हातांच्या जागी पांढरे हातमोजे दिसतात. बटण दाबायचं तर हात खरोखर तिथवर न्यावा लागतो, दांडा ओढायचा तर खरोखर ओढल्यासारखा मागे घ्यावा लागतो. हे सगळं दाबणं-ओढणं मॅडमच्या ताब्यात होतं. यान बाहेरून कसं दिसतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "बाहेरून घर शेजारी पाहते," असं त्या म्हणायच्या.

मी नागपूरजवळच्या कळमेश्वरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही सांगते. लाजायचं असेल तर ज्यांनी आधीच्यांना चढू दिलं नाही त्यांनी लाजावं. लिहिताना मी 'मला' लिहिते, कारण पुस्तकाची तशी रीत आहे. मॅडमनी पुस्तक लिहिलं असतं तर त्यातही 'मले'च लिहिलं असतं, आणि छापणाऱ्याला तसंच छापायला लावलं असतं.

त्या कोराडीच्या. वडील वीज केंद्रात होते, बालपण कॉलनीत गेलेलं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून त्या एका बिल्डरकडे लागल्या आणि वर्षानुवर्षं फ्लॅटचे नकाशे काढत राहिल्या. त्यातही स्वैपाकघरं. ओटा केवढा उंच, फळी कुठं, सिलेंडर कुठं. कॉम्प्युटर आला तसा कॉम्प्युटर शिकल्या, आणि चाळिशी उलटल्यावर, ज्या वयात बायकांना नवीन मोबाइलसुद्धा पोरांकडून समजून घ्यायला लावतात त्या वयात, गेमच्या कंपनीत आल्या. मधल्या काळात बेसा रोडवर डंपरमधून सांडलेल्या गिट्टीवर त्यांची स्कूटी घसरली. उजव्या खांद्यात धातूची पट्टी बसवली. तेव्हापासून तो हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथं थांबायचा. वर नाहीच. स्कूटी विकून टाकली. वेणीसुद्धा आई घालून द्यायची.

प्रेमळ वगैरे त्या मुळीच नव्हत्या. डबा भिंतीकडे तोंड करून खायच्या. कोणी भाजी पुढे केली तर म्हणायच्या, तुझी तू खा, मले कामाचं सांग. 'ठीक' हा त्यांच्याकडचा सगळ्यात वरचा शब्द होता; तो मला दोनदा मिळाला असेल. एका पोराने बनवलेलं बटण दाबून पाहून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की हे दाबल्यापेक्षा भिजलेला टोस्ट दाबलेला बरा. तो पोरगा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि त्यांची एक सवय अशी, की गेमची नवी आवृत्ती तयार झाली की त्या हेडसेट चढवायच्या आणि आत डोळे मिटून घ्यायच्या. पोरं हसायची. एवढा महागाचा हेडसेट, एवढे तारे, एवढे ग्रह, आणि मॅडम आत अंधार करून बसतात. मी एकदा विचारलं, काहून. त्या म्हणाल्या, "डोळे चुगलखोर असतात वं. तेच आधी जाऊन सांगतात बटण कुठी आहे. मले हाताले विचारायचं असते."

आमची पहिली फजिती झाली ती मांडीवरून. गेम बाजारात आणणारी कंपनी परदेशातली होती. त्यांच्या माणसांनी खेळून पाहिलं आणि तक्रार पाठवली की खालचे दांडे धरायला हात नेला की तो आपल्याच गुडघ्यावर आदळतो. आम्हाला कळेना. आमच्याकडे कोणाचाच आदळत नव्हता. दोन दिवस आम्ही आकडे तपासले, कोड तपासला. मग चहा देणारी निर्मलाताई कप ठेवता ठेवता म्हणाली की तुम्ही सगळे खुर्चीवर मांडी घालून बसता, ते थोडेच बसत असतील.

खरं होतं. आमच्या ऑफिसात एक माणूस पाय खाली सोडून बसत नव्हता. चप्पल टेबलाखाली, पाय वर, मांडी. मांडी घातली की गुडघे बाजूला पसरतात आणि पुढची जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत आम्ही अख्खी दांड्यांची रांग बसवून ठेवली होती. मालक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, त्यांनी फर्मान काढलं की उद्यापासून सगळ्यांनी पाय खाली सोडून बसायचं. आठवडाभर आम्ही शाळेच्या फोटोतल्यासारखे बसलो. मॅडम तेवढ्या मांडी घालूनच होत्या.

सरांनी त्यांना विचारलं की दांडे आता नेमके कुठं घ्यायचे. मॅडम म्हणाल्या, त्यांचे गुडघे पुढं येतात, आपले बाजूले जातात. पुढं घेतले तर आपला हात पुरत नाही, मागं घेतले तर त्यांचे गुडघे फुटतात. मग कोणाचे गुडघे कापायचे ते तुम्ही सांगा.

आणि मग त्यांनी डब्यांचं सांगितलं. ते मात्र त्यांच्याच शब्दांत दिलं पाहिजे.

"सून घरात आली की पहिले काय करते सर? डबे हलवते. मिठाचा इकडं, तिखटाचा तिकडं. सासू तोंड फुगवते, पण चार दिवसांनी गप्प बसते. काहून? ज्याच्या हातचा स्वैपाक, त्याचे डबे. तेल तापून राहिलं असते, मोहरी शोधत बसाले वेळ नसते. हात गेला की डबा तिथंच पाहिजे. नाही सापडला तर हात खोटा पडते. आपलं जहाज काय वेगळं आहे?"

सर हसले आणि करा म्हणाले. त्या दिवसांत सर चांगलेही वागायचे.

पुढचे काही महिने त्या पुठ्ठ्यातच राहायच्या म्हटलं तरी चालेल. त्यातून निघालेली गोष्ट दिसायला साधी होती. यानातलं कुठलंही बटण, कुठलाही दांडा, मीटरची अख्खी पाटी तुम्ही मुठीत दाबून धरायची. ती टक् करून निघून यायची. मग हवी तिथं न्यायची आणि सोडायची. ती तिथं बसायची. पुढच्या वेळी यानात आलात की तुमचं सगळं तुमच्या जागेवर. टक् हा आवाज मॅडमनी घरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण उघडून रेकॉर्ड केला होता. परदेशी कंपनीच्या कागदात त्या सोयीला मोठं इंग्रजी नाव होतं. आमच्याकडे तिला डबेच म्हणायचे. आज डबे पडले, आज डबे चालून राहिले, असं.

मी माझे डबे लावले ते कोणी नसताना. वेगाचा दांडा डावीकडे आणला, चढायचा दांडा डावीकडे, दिवे डावीकडे. आणि यान निघालं. हातमोजा पांढरा होता, आत माझा डावा हात होता, आणि त्याला कोणी मारलं नाही. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

मॅडमचे डबे सगळे खांद्याच्या खाली होते. यान सुरू करायचा मुख्य दांडा त्यांनी उजव्या मांडीशेजारी लावला होता, स्कूटीच्या चावीपाशी हात जातो तसा. जेवणाची सुट्टी झाली, डबा खाऊन झाला, की त्या हेडसेट चढवून बसायच्या. यावेळी डोळे उघडे. आमच्या गेममध्ये लढाया होत्या, चाचे होते, पण त्या लढायच्या नाहीत. एका चंद्रावरून माल भरायच्या, दुसऱ्या चंद्रावर उतरवायच्या. कोराडीला येणारे कोळशाचे ट्रक जसे आपल्या बाजूने चालतात तसं यान चालवायच्या. मी एकदा म्हटलं, मॅडम, कंटाळा येत नाही का. त्या हेडसेटमधूनच म्हणाल्या की स्कूटी विकल्यापासून त्यांना जिथं तिथं कोणीतरी नेऊन सोडतं. स्वतः चालवत जायचं हे एकच ठिकाण उरलं आहे. मग म्हणाल्या, गप्प बस, उतरून राहिली मी.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. बेसा रोडवरचा फ्लॅट, त्या आणि त्यांची आई. पाणी घ्यायला स्वैपाकघरात गेले तर ओट्यावर डब्यांची दाटी, पोळपाट ठेवायला जागा नाही, आणि वरच्या फळ्या भिंतभर रिकाम्या. एका फळीवर नुसतं एक जुनं कॅलेंडर. मी पाहते आहे हे त्यांनी पाहिलं.

"दिवाळीले वहिनी आली होती. तिनं सगळं वर लावून देल्लं, घर साफ दिसते म्हणे. दुसऱ्या दिवशी माह्या हात पोह्याच्या डब्यावर गेला आन् तिथं हवा." त्यांनी मानेनेच वर दाखवलं. "ह्या फळ्या नकाशात कोणी काढल्या माहीत आहे का? मीच. ही अख्खी स्कीम माह्याच नकाशातली आहे. बिल्डर म्हणे फळी वर घ्या, खाली मोकळं दिसते. मी घेतली. तेव्हा हात वर जात होता ना माह्या."

आईने आतून विचारलं, काय झालं वं. काही नाही, म्हणाल्या, पाणी देऊन राहिली.

ईशान आला तो गेम जवळजवळ तयार झाल्यावर. सरांचा पुतण्या, पुण्याहून आलेला, सहा फुटांवर उंच, लांब हातांचा, दिसायला छान. यान कसं दिसेल ते काम त्याच्याकडे दिलं. खेळायचाही उत्तम. बोलायला वाईट नव्हता. सगळ्यांना नावाने हाक मारायचा, मॅडमना मात्र काकू म्हणायचा. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात त्याला सगळ्यांदेखत सांगितलं की तुझं काम तुझ्यासारखंच आहे, उंच आहे आणि आत पोकळ आहे. ते चुकीचं होतं. त्याने कष्ट केले होते. मी तेव्हाही त्यांना तसं म्हटलं होतं, आणि त्यांनी मला उलट कामाला लावलं होतं.

आणि डबे नकोत हे ईशानचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. डबे त्रास देत. एका खेळणाऱ्याने वेगाचा दांडा स्वतःच्या डोक्यामागे सोडला आणि त्याला तो पुन्हा सापडेना. यान ग्रहावर आपटलं आणि शिव्या आम्हाला पडल्या. एकाने सगळी बटणं एकावर एक रचली. असं काही घडलं की मॅडम म्हणायच्या, नवी सून आहे, चार दिवस लागतील. पण परदेशी कंपनी चार दिवस थांबणारी सासू नव्हती.

मग ती बैठक झाली. ईशानने जाहिरातीची चित्रफीत दाखवली. त्यात चालक बसतो, काचेपलीकडे तारा फुटतो, आणि चालक दोन्ही हात डोक्यावर उचलून छताचा जाडजूड दांडा खाली खेचतो, यान झेपावतं. चांगलं होतं. मीही पुन्हा दाखव म्हटलं. ईशान म्हणाला, यान सुरू करायचं तर असंच, दोन्ही हात वर, नाहीतर मजा नाही. आणि जाहिरातीत एक आणि गेममध्ये दुसरं असं चालणार नाही, म्हणून दांडा छतालाच राहील. सगळंच आता जागेवर राहील. डबे बंद. त्याच्याऐवजी लोकांना सजावट बदलता येईल. सीटची कव्हरं, दिव्यांचे रंग, काचेसमोर लटकवायच्या वस्तू. एक लिंबू-मिरचीसुद्धा होती. ती परदेशी लोकांना फार आवडली म्हणे. माप कोणाचं धरायचं, असं कोणीतरी विचारलं, तर सर म्हणाले, ईशानचं धरा. नॉर्मल हाइट आहे.

मी म्हटलं की डावखुऱ्यांचं काय. लिहून घ्या, असं सर कोणाला तरी म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा लिहून घेतलं.

 मग मॅडमनी दोन्ही हात उचलले. डावा डोक्यावर गेला. उजवा खांद्याशी येऊन थांबला. त्या तशाच बसून राहिल्या, सगळ्यांनी नीट पाहावं म्हणून.

"सर, हा इथवरच येते. छताले दांडा लावला तर माह्यं जहाज मले सुरू करता येत नाही. बाकी सगळं घ्या. कव्हरं घ्या, लिंबू लटकवा, मी लावून देतो. एवढा एक दांडा हलू द्या."

मॅडम कधीकधी 'देतो' म्हणायच्या. कॉलनीतल्या पोरांत वाढल्या होत्या.

सर वाईट वाटून म्हणाले, आणि तेच जास्त वाईट होतं, "मॅडम, तुमची अडचण मला समजते. पण आपण हा गेम तुमच्यासाठी नाही ना बनवत."

मॅडमनी हात खाली घेतले. ईशान म्हणाला की काकू, पुढच्या अपडेटमध्ये नक्की पाहू. सर म्हणाले, हो, पुढच्या अपडेटमध्ये.

लोकांना वाटेल त्यांनी राजीनामा फेकला असेल. फेकला नाही. उलट छताचा तो दांडा त्यांनीच बनवला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. उंची ईशानच्या हाताची. त्याला पुठ्ठ्यात बसवून, डोळे बांधून, त्याच्या निळ्या टिकल्या चिकटवून माप घेतलं. तो दांडा आधी जरा अडायचा, मग जडपणे सुटायचा, आणि शेवटी आतून कुठंतरी खण् असा आवाज यायचा. मी विचारलं, काहून करता इतकं. त्या म्हणाल्या की बिल्डरच्या फळ्याही त्यांनी सरळच काढल्या होत्या. लिंबू-मिरचीही त्यांनीच लावली, आणि यान वळलं की ती किती झुलावी यावर दोन दिवस घालवले.

काम संपलं तसा त्यांचा करार संपला. पुढे वाढवला नाही. सरांनी केक आणला होता. मॅडम म्हणाल्या, मले गोड चालत नाही, आणि आपला डबा पिशवीत टाकून निघाल्या. तो डबा रिकामा होता, झाकण टक् करून लावल्याचं मला ऐकू आलं. पुठ्ठ्याचं कॉकपिट सफाईवाल्याने दुसऱ्या दिवशी मोडून लिफ्टपाशी उभं केलं. जाताना त्याच्या बाहीला टिकल्या चिकटल्या होत्या, सगळ्या रंगांच्या.

गेम आला, बऱ्यापैकी चालला. पेपरात ईशानचा हेडसेट घातलेला फोटो आला, खाली नागपूरच्या तरुणाची अंतराळझेप वगैरे. त्यात लिहिलं होतं की खेळाडूला आपलं यान हवं तसं सजवता येतं, हे या गेमचं वैशिष्ट्य. गेमच्या शेवटी नावं सरकतात. गेम आला त्या दिवशी पगारावर जे होते त्यांचीच नावं घातली होती, त्यामुळे मॅडमचं नाही. निर्मलाताईचं आहे. ते असलंच पाहिजे, गुडघे तिनेच शोधले होते. पण तिचं असलंच पाहिजे आणि मॅडमचं नाही, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. अपडेट आले, पुष्कळ आले. नवीन कव्हरं आली. मी नोकरी सोडली नाही. घरात पगार माझाच येतो. यावर ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं.

मग एका रविवारी दुपारी मॉलमध्ये आमचा स्टॉल होता. खुर्ची, हेडसेट, आणि वर मोठा टीव्ही, म्हणजे खेळणाऱ्याला जे दिसतं ते रांगेतल्यांनाही दिसावं. मला तिथं हेडसेट बांधायला उभं केलं होतं. रांगेत पोरं, आईबाप, एक नवीन लग्नाचं जोडपं. आणि त्यांच्यामागे मॅडम, कापडी पिशवी घेऊन. केस कापले होते. वेणी घालून द्यायला आई राहिली नव्हती, हे मला नंतर कळलं.

मी पुढे बोलावलं तर आल्या नाहीत. रांगेतूनच आल्या. खुर्चीत बसल्या आणि सवयीने चपला काढून मांडी घातली. मी हेडसेट बांधला, दोन्ही हातांत कंट्रोलर दिले.  

टीव्हीवर कॉकपिट दिसू लागलं. काचेसमोर लिंबू-मिरची स्थिर लटकत होती, यान सुरू झालं नव्हतं ना. दोन पांढरे हातमोजे वर उठले. डावा छताच्या दांड्याला जाऊन भिडला. उजवा मध्येच थांबला. पुन्हा उठायला पाहिलं, पुन्हा थांबला. रांगेतलं एक पोरगं म्हणालं, "काकू, दोन्ही हातांनी ओढा ना." त्याच्या बापाने त्याला गप्प केलं. कोणी त्यांचा खरा हात धरून वर केला असता, तरी तो गेला नसता.

मग डावा हातमोजा खाली आला. आणि उजवा सावकाश मांडीशेजारी गेला, जिथं त्यांनी आपला दांडा लावला होता, त्या जागी. अजिबात चाचपडला नाही. डोळे मिटले असणार त्यांनी. त्या जागी आता काही नव्हतं, सीटच्या कव्हराची शिवण होती नुसती. हातमोज्याची मूठ वळली आणि हवेतला दांडा त्यांनी मागे ओढला. आधी जरा अडतो तसा अडवून, मग जडपणे सुटतो तसा सोडून, शेवटपर्यंत. लिंबू-मिरची हलली नाही.

टीव्हीवर ती मूठ तशीच मिटलेली होती. स्टॉलवरचा पोरगा म्हणाला, काकू, वेळ झाला तुमचा.

मी हेडसेट सोडला. त्यांनी चपला पायात घातल्या, पिशवी उचलली. मला वाटलं, दांड्याबद्दल काही म्हणतील, निदान 'ठीक' तरी.

"तुही डावी बाजू तरी ठेवली का वं ह्या लोकायनं?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी उजवा हात पुढे केला होता. तो सोडून त्यांनी कंट्रोलर माझ्या डाव्या हातात ठेवले, माझी बोटं त्यांवर मिटवली, आणि रांगेच्या कडेकडेने निघून गेल्या.